नऊ

पपा पहाटे गेले.
दुपारपर्यंत नऊ पुरुष जमले:
यवतमाळहून दोघं,
अमरावतीहून एलायजाकाका नि त्याचे तीन मुलगे,
बडनेऱ्याचे रिटायर गार्ड वाक्रुळकर,
माझा नवरा, माझा भाऊ हनोख.
दहावा अकोल्याच्या एसटीत होता
आणि एसटी कारंज्याला पंक्चर.

दहा झाल्याशिवाय कद्दीश म्हणत नाहीत.
पुरुष निंबाखाली उभे राहिले.
खड्डा किती फूट, माती मुरमाड की काळी,
कुदळ कुणाची, परतीची गाडी कितीची.
दुःख त्यांच्यात रांगेत उभं होतं
खिडकी उघडायची वाट बघत.

आत आम्ही मोजलं नाही.
आई, सिगुलामावशी, मी
आणि कौसाबाई, जिला शेमा माहीत नाही
पण पपा माहीत होते.
तिच्या म्हशी पार होईस्तोवर
चाळीस वर्षं त्यांनी फाटक लावलं नव्हतं.
तिनं पाय पसरले आणि सूर धरला:
'कायले गेला रे फाटकदादा,
मायी म्हस आता कोन पार करन!'
सकाळपासून आरशांवर चादरी टाकणारी,
सबजा निवडणारी आई
तेव्हा कुठे खाली बसली.

कद्दीश मला तोंडपाठ आहे.
रात्रपाळीत, कंदिलापाशी, पपांनी शिकवलं.
हनोख झोपून जायचा.
मी दारात जाऊन उभी राहिले.
एलायजाकाकाचे ओठ हलले, मोजल्यासारखे,
मग त्यानं चपलेकडं बघितलं.

पाच वाजता दहावा आला, घामानं निथळत.
हनोखच्या शर्टाचा गळा कुणीतरी कात्रीनं
आधी थोडा कापून दिला, मग त्यानं फाडला.
आईचा पदर कधी फाटला
कुणाला ठाऊक नाही.

बायका कबरीपर्यंत जात नाहीत.
आम्ही रुळांपर्यंत गेलो,
गवतात बुडालेल्या, गाडी बंद झालेल्या.
तिथून काहीच ऐकू येत नव्हतं.
मी पुटपुटत राहिले,
आणि जिथं आमेन यायचं
तिथं कौसाबाई म्हणत होती,
'हो बाई, हो.'

परतल्यावर सगळ्यांनी अंगणात हात धुतले.
अंधार पडला तरी हनोख नळावरच.
मनगटं, कोपर, पुन्हा बोटं.
बादली भरून वाहत होती, निंबाच्या बुंध्याशी चिखल.

आतून आईनं विचारलं,
पाणी कोण वाया घालवतंय?
कुणी नाही, मी म्हणाले.