उपयोगिता प्रमाणपत्र

माननीय सचिव,
आपल्या न्यासाचे चाळीस हजार
अकरा ऑक्टोबरला खात्यावर जमा झाले.
मेसेज वाजला तेव्हा मी मशीन्स लॅबमध्ये होते,
थ्री फेज मोटरच्या टर्मिनलवर वाकलेली.
सर म्हणाले, बिरादार, मोबाइल बंद.
बंद केला.
आकडा मात्र दुपारभर चालूच राहिला.

विहित नमुन्यात खर्च असा:
फीचा उरलेला हप्ता, एकवीस हजार पाचशे.
तो भरेपर्यंत माझं हॉलतिकीट
ऑफिसात एका टाचणीला लटकून होतं.
मेस, पाच महिने, बारा हजार.
कॅल्क्युलेटर, साडेअकराशे.
सेफ्टी शूज, नऊशे.
बायकांच्या मापाचे नांदेडात मिळाले नाहीत,
पोरांचे सहा नंबरचे घेतले,
पुढे कापूस कोंबला.
कापसाची पावती नाही.

इथपर्यंत सगळं तुमच्या रकान्यांत बसतं.
पुढचं बसत नाही, तरी लिहिते.

चार हजार मी बाबांना दिले.
उदगीरला देगलूर रोडवर
मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आमचं,
दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल
आणि जळक्या वार्निशचा वास.
तुमच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा होता
म्हणून बाबा सेतू केंद्रात गेले,
मशीन अंगठा घेईना.
चौदा वेळा.
तार ओढून ओढून रेषाच गेल्यात, साहेब.
पोरगं म्हणालं, काका, उद्या या.
बाबा उद्या गेले, परवा गेले.
त्या तीन दिवसांची मजुरी
अर्जात कुठं लिहायची ते कळलं नव्हतं.
म्हणून तांब्याची तार घेऊन दिली.
चुकलं असेल तर पुढच्या हप्त्यातून कापून घ्या.

राहिले साडेचारशे.
ते मी उडवले.
एका रविवारी हिंगोलीची रूममेट रुकय्या आणि मी
रिक्षा करून विष्णुपुरीला गेलो,
पाणी उचलणारे पंप बघायला.
वॉचमन म्हणाला, परवानगी आणा,
आणि मुलींना काय बघायचंय त्यात?
मग कुंपणाबाहेर उभं राहून ऐकले.
बाबा मोटर कानानंच तपासतात,
बेअरिंग गेलं की फेज, डोळे मिटून सांगतात.
मीही डोळे मिटले.
रुकय्या म्हणाली, झोपलीस का?
येताना भजी खाल्ली. दोन प्लेट.

आता एक विचारते.
मंजुरीपत्राच्या कोपऱ्यात
तिकिटाएवढा फोटो आहे,
कै. अंबुताई स्मृती शिष्यवृत्ती.
डोक्यावर पदर, एक भुवई जरा वर.
माझ्यासाठी तुमच्या नमुन्यात सत्तावीस रकाने,
त्यांच्यासाठी तेवढा फोटो.
त्या कितवीपर्यंत शिकल्या?
रेडिओ उघडून आत बघितला
म्हणून कधी मार बसला का त्यांना?
पैसे त्यांचे होते,
की त्या गेल्यावर कुणाला आठवले?
ती भुवई काय विचारतेय,
रात्री अभ्यास करताना कळत नाही.
माहीत असल्यास कळवावे.
माझ्याकडून पावत्या गेल्या,
तुमच्याकडून एवढी एक यावी.

तळाशी छापलंय: लाभार्थीची सही.
केली आहे. शिवलीला बसलिंग बिरादार,
तृतीय वर्ष, विद्युत.

ता. क.
तार वाया गेली नाही.
दिवाळीच्या सुट्टीत पाच एचपीची एक मोटर
मी एकटीनं भरली.
गिऱ्हाईक सुरू करून बघत होतं, म्हणालं,
कुणी भरली ओ मालक?
बाबा हात पुसत राहिले,
बराच वेळ पुसत राहिले,
मग म्हणाले, हाय एक, नांदेडला असती.
मोटर लोहाऱ्याच्या बोअरवर आहे,
अजून जळालेली नाही.
पुढचा हप्ता शक्यतो
परीक्षेआधी मिळावा, ही विनंती.