रबरी बेडूक

इतवारीत सायकलच्या दुकानात, मागच्या फळीवर
तो मला सापडला, तीनशे चाळीस रुपयांना:
हिरवी पाठ, पिवळं पोट, पोटाशी दडवलेले दोन गळ,
आणि झालरीचे पाय, पाण्यात खरे वाटणारे.

झिंगरू पचारेनं तो उलटापालटा करून पाहिला.
"याले टर्रटर्र करता येते का बे?"
आणि आपल्या डब्यातली गांडुळं
ओल्या मातीखाली पुन्हा झाकून ठेवली.

माहुरझरीकडच्या तलावावर आमचा रविवार.
मी विमा कार्यालयातला, तो ढिवर.
जाळं त्यानं पोराला दिलं आहे, गरी स्वतःकडे ठेवली.

पाणी काचेसारखं असलं की दोरा बारीक लावायचा
आणि सूर्य समोर घ्यायचा.
"तुह्या टोपीची सावली मासा पहिले पाहते, गांडूळ मंग."
गढुळात डोळ्यांना काम नाही, तिथे वास चालतो:
जवसाची ढेप, सडका झिंगा, कणकेत कालवलेला हिंग.
वारा सुटला तर त्याच्या पाठीशी उभं राहू नये,
तो फेस जिथे नेऊन टाकतो त्या काठाला जावं.
किडे तिकडे, चिंगळ्या तिकडे,
चिंगळ्यांच्या मागे वाम.

पौषात आपले हात खिशात असतात
तेव्हा मासाही खिशातच असतो,
भिंतीच्या बुडाशी, खोल.
तिथे आमिष हलवायचं नाही. नुसतं असू द्यायचं,
एक विडी संपेपर्यंत.
मग दुसरी.

आणि मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत,
शहाण्यानं कूलरपुढे निजावं.
पण पहाटे साडेपाचला, काटोल रोडचं डांबर गार असताना,
जलकुंभीच्या फटीत बेडूक टाकावा.
टाकावा, थांबावं, तीन अंक मोजावेत,
छडीच्या टोकाला एक झटका. टप.
पुन्हा थांबावं.
पाणी फुटतं.
तरी ओढायचं नाही, मरळ आधी नुसती तोंडात धरते.
"एकडाव थुका गिळ, मंग ओढ."

त्या उन्हाळ्यात तीन काढल्या.
तिसऱ्या वेळी पचारेनं बेडकाच्या पोटावरून अंगठा फिरवला.
"बराय," म्हणाला.

आषाढ सरता सरता पाण्यावर तांबडा डाग दिसला,
परातीएवढा, शिजत्या भातासारखा बुडबुडणारा.
पिलं. शेकडो, श्वासासाठी वर आलेली.
ती खाली कुठेतरी.

पचारेनं गरी गुंडाळली.
"आज इथं नाई."
का, खात नाही का?
"खात नाई. पण घेते. तेच तं."

मला ठाऊक होतं.
या दिवसांत ढग लागत नाहीत, वारा लागत नाही,
तिला भूक असायची गरज नाही.
पिलांवरून बेडूक नुसता ओढत न्यायचा.
ती त्याला खायला येत नाही,
हाकलायला येते.

बुधवारी मी अर्धी रजा टाकून एकटा गेलो.

तीन अंक मोजावे लागले नाहीत.
थुंकी गिळावी लागली नाही.
दीड किलो. ऑफिसात फोटो दाखवला,
रांजणेबाईंनी विचारलं, रस्सा कसा करता?
सांगितलं, कांदा भाजून.

तिला काठावर घेतलं तेव्हा
तो डाग एकदा आकसला, मग पसरला.
मग चिलापी आल्या.
बारीक चटचट आवाज, वाटाणे सोलल्यासारखा.
परातीचं ताट झालं, ताटाची वाटी.
पुढचं पाहिलं नाही, मी स्कूटरची चावी शोधत होतो.

रविवारी पचारेनं काही विचारलं नाही.
पाण्याकडे पाहिलं बराच वेळ,
मग माझ्या डब्यात.
बेडकाच्या पाठीवर दात उमटले होते, ओळीनं.
"बदल आता," म्हणाला. "पाणी शिरलं त्याच्यात. बुडन."

खरंच शिरलं होतं.
दाबला की पिचकारी उडते.
कपाटात आहे, अजून उडते.