चौदा वाव

बाबा केबल मोजतो वावांनी,
हात पसरून, छातीशी आणून:
चौदा वाव. "बरी आहे," म्हणतो,
दोरच विकत घेतल्यासारखं.

सेतिऊचा किनारा तासभर मागे.
इंजिन बंद. होडी उन्हात नुसती पडलेली.
मी हायड्रोफोन सोडते,
अंगठ्याएवढा काळा रबरी कान.

संस्थेच्या फॉर्मवर एक रकाना आहे: उपयोग.
मी लिहिलंय, जहाजांचा गोंगाट, ढोम्यांची वीण,
जमल्यास भूकंप.
नौदलाचा एक माणूस पाणबुड्यांबद्दल विचारून गेला.
त्याला चहा दिला.

बाबा पस्तीस वर्षं जे करायचा
त्याला रकाना नव्हता.
एका हातानं होडीची कड धरून
आधी डोकं पाण्यात, मग खांदे, मग सगळाच.
वर आला की हनुवटीनं दाखवायचा.
गावात म्हणत, जाळं दरामानच्या हनुवटीला बांधलंय.
ढोमा कण्हतो, मला शिकवायचा,
बांगडा म्हणजे सुपात पाखडलेले तांदूळ,
आणि झिंगे, तापल्या तेलात पाण्याचे थेंब,
त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

मी हेडफोन त्याच्या कानांवर ठेवते.
डावा कान गेलाच आहे, उजवा लहरी.
बराच वेळ ऐकतो.
"सगळेच एकदम बोलतायत," म्हणतो.
"वळायचं कुणाकडे?"
हेडफोन माझ्या मांडीवर ठेवतो
ओलं मांजर ठेवावं तसा,
आणि मी नको म्हणेपर्यंत
सारोंग खोचून पाण्यात.

रात्री, लिमाहच्या दुकानामागच्या खोलीत,
फाईल उघडते.
एकेचाळिसाव्या मिनिटाला धप्प.
बुडबुडे. टाच लाकडाला लागते.
मग त्याचं काहीच नाही.
ढोमे आहेत, झिंगे आहेत,
लांब कुठेतरी ट्रॉलरचा पंखा,
बाबा नाही.
आवाज वाढवते. फिल्टर बदलते.
स्क्रीनवर त्याच्या जागी पाणी.

मग खळखळाट, खोकला,
आणि होडीच्या फळ्यांतून झिरपलेलं, पुसट:
"तिकडे. दोन टोपल्या. लहान आहेत."

मी मागे जाऊन सेकंद मोजते.
छप्पन्न.
परवाच म्हणाला होता,
आता दहाच्या वर दम टिकत नाही.