ए-थ्री

दिवसभर मी दात करतो.
चरईत, दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टर पाठवतील त्या मापाचे.
कुणाची दाढ, कुणाचे पुढचे दोन, कुणाची अख्खी कवळी.
रात्री जेवणं उरकली की त्याच टेबलावर,
त्याच दिव्याखाली
शिशाचे सरदार उभे करतो.

अंगठ्याएवढे. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे.
जेरुसलेमला धर्मयुद्धासाठी निघालेले,
वाटेत माझ्याकडे थांबलेले.
बायको छातीवरचा तांबडा क्रूस बघते आणि विचारते,
हे अँब्युलन्सवाले कधी संपायचे?
मी म्हणतो, अजून अकरा.

दातांनी एक शिकवलं:
पांढरं असं काही नसतं.
नवशिके डबीतला पांढरा सरळ अंगरख्याला फासतात
आणि सरदार दिसतो इस्त्रीवाल्याकडून आल्यासारखा.
मी आधी चिमूटभर गेरू घालतो, कणभर राखाडी,
शिवणीपाशी चहा सांडल्याइतका पिवळा.
आमच्या पट्टीवर या छटेला ए-थ्री म्हणतात.
पन्नाशीच्या, विडी ओढणाऱ्या माणसाची.
एवढी धूळ खात आलेल्या कापडाला
तीच शोभते.

डोळे सगळ्यात शेवटी.
श्वास धरून, ब्रशच्या एका केसाने.
हात हलला की सरदार चकणा.
असे दोन आहेत, मागच्या रांगेत ठेवलेत.
त्यातला एक माझ्या मोठ्या काकांसारखा दिसतो.

गणपतीच्या आधी एकाची तलवार मुठीपासून तुटली.
डिंक धरेना, दातांचं सिमेंट धरेना.
रुमालात गुंडाळून राबोडीत नेला,
इस्माईल मुकादमांकडे. माझ्या वडिलांचं एचएमटी
अजून तेच चालू ठेवतात.
त्यांनी डोळ्याला भिंग लावलं,
बराच वेळ बघितलं, घोड्याचे नालसुद्धा.
"हा निघालाय कुठे?"
मी सांगितलं.
"कुणाशी लढायला?"
मी त्यांच्या मागच्या भिंतीवरची घड्याळं बघत राहिलो.
एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

"म्हणजे आमच्याशीच की," भिंग न काढता ते म्हणाले
आणि इतके हसले, इतके हसले
की खालची कवळी हलली.
माझीच, गेल्या मार्चमधली.

मग ड्रॉवरमध्ये बोट फिरवून
एका मेलेल्या घड्याळाचा मिनिटकाटा काढला,
छाटला, घासला, मुठीत बसवला.
पैसे घेतले नाहीत.
तोंडातून कवळी काढून कागदात बांधून दिली:
"ही तेवढी घट्ट कर. पावभाजी खाता येत नाही."

तलवार जरा लांब झालीय. तिला रंग दिला नाही मी.

कवळी बुधवारी द्यायचीय.
आत्ता टेबलावर आहे, दिव्याखाली,
वेशीसारखी उघडी,
आणि तिच्यासमोर रांगेत अकरा जण,
अजून डोळे नसलेले.