एकोणीस

आधी उभी रेघ शिकवतात.
मग आडवी. मग तिरपी, जी कुणालाच जमत नाही
इम्मानुएल सोडून;
त्याच्या सगळ्याच रेघा तिरप्या.

डिसेंबर. शरणपूर रोडवर धुकं, वर्गात वाहती नाकं.
प्रार्थनेला डोळे मिटा म्हटलं
की प्रत्येकाचा एक डोळा उघडाच,
शेजारच्याने मिटलेत का पाहायला.
माझाही असतो. बावीस वर्षं झाली.
देवाला ठाऊक आहे.

पालक विचारतात, टीचर, शंभरपर्यंत कधी येणार?
पलीकडच्या शाळेत म्हणे स्पेलिंगंसुद्धा.
मी म्हणते, येईल.
सांगत नाही की
पेन्सिल चिमटीत बसायला अख्खा पावसाळा गेला,
की जुनैदच्या पाटीवरचा ळ अजून आडवा झोपतो
आणि रोज काही मी त्याला उठवत नाही.

आम्ही चिंचोके मोजतो,
चर्चमागच्या चिंचेचे, धुऊन वाळवलेले.
अठरापर्यंत गाडी नीट जाते.
"टीचर, एकोणीस म्हणजे काय?"
ही अन्वी. हिला सगळ्याचंच म्हणजे काय हवं असतं.
एक उणा वीस, मी म्हणते,
आणि स्वतःचंच बोलणं ऐकत उभी राहते.
वीस अजून आलेलाही नसतो
आणि आपण त्याचं नाव घेतो.
हातातले एकोणीस राहतात बाजूला,
आपली भाषा
नसलेला एक आधी मोजते.

खिडकीत पाण्याच्या बाटल्या एकोणीस.
मंजुळा गांगुर्डे आठवडाभर नाही.
वर्गात ळ सरळ काढणारी ती एकटीच,
कारण तो तिच्या नावात राहतो.
आई दिंडोरीकडे गेलीय, द्राक्षांच्या विरळणीला,
पोरीला घरी कोण बघणार, म्हणून तीही.
फोन वाजतो. उचलत नाहीत.
नाताळच्या कार्यक्रमात ती मेंढरू आहे;
कापसाची टोपी कपाटात पडून.

गोष्टीचा तास. शंभर मेंढरं.
फ्लॅनेलच्या फळ्यावर सहाच आहेत,
बाकीची डोंगरामागे, मी सांगते, आणि त्यांना पटतं.
एक हरवतं. मेंढपाळ नव्याण्णव तशीच सोडून
शोधायला निघतो.
इथे मी दरवर्षी थांबते,
दरवर्षी मुलं विचारतात, सापडलं का?
या वर्षी इम्मानुएल विचारतो,
"मग बाकीच्यांना कोण बघतं?"

मावशी डबे धुवायला गेलेल्या.
माझी स्कूटी फाटकाशी,
दिंडोरी तासाभराच्या आत,
आणि एकोणीस जण
दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघतायत.
चला, हात धुवा, मी म्हटलं.
उत्तर अजून दिलेलं नाही.

शनिवारी गेलेही होते.
कुठला मळा ते कुणाला नीट माहीत नव्हतं.
दोन ठिकाणी कुत्री अंगावर आली,
एका बाईने चहा दिला. परत आले.

मंगळवारी ती आपली आपणच आली.
उजवा बूट डाव्या पायात,
बोटांवर पाल्याचा हिरवट डाग,
जागेवर अशी बसली
जणू पाणी प्यायला गेली होती.
अन्वीने रोज बाजूला काढून ठेवलेला चिंचोका
ढिगात सरकवला. "मोज."

मंजुळा मोजू लागली, एक बोट हवेत,
घडातले मणी मोजावेत तसं.
अठराला थांबली नाही,
एकोणीसलाही नाही,
आणि विसावा उचलून तोंडात टाकला.

थुंक आधी! मी ओरडले.
ओला चिंचोका माझ्या तळहातावर आला, कोमट.
सगळा वर्ग खिदळत होता,
फक्त इम्मानुएल नाही.
"म्हणजे आता," तो म्हणाला,
"ती टोपी मला नाही मिळणार?"