तीन काकडं

हर्बेरियमची कपाटं सकाळी मीच उघडते.
आधी डांबरगोळ्यांचा वास बाहेर येतो,
मागोमाग शंभर वर्षं.

शीट क्रमांक चार हजार बारा:
शीव, टेकडीमागची पाणथळ, जून १९२६,
गोळा करणार द. वि. परुळेकर.
झाडाचा रंग गेला, शाईचा राहिला.
ती पाणथळ शोधत मी एकदा गेले होते.
तिथे टायरांचं दुकान आहे. मालक म्हणाला,
बाई, इथे कधीच काही नव्हतं.

आमच्याकडे नियम असा, की जुनं नाव खोडायचं नाही.
कुणाला चुकीचं वाटलं, तर त्याने
बाजूला नवी चिठ्ठी डकवावी, तारीख घालावी, सही करावी.
काही शीटांवर पाच-पाच चिठ्ठ्या आहेत,
पाच पंडित एका वाळक्या काडीभोवती भांडतायत
आणि काडी गप्प.

माझं नाव बदललं ते ताटातल्या तांदळात.
अंगठीने नवं कोरलं, सगळ्यांनी पाहिलं,
मग तांदूळ सारखे केले.
जुन्या नावाची चिठ्ठी कुठेच नाही.
शरयू होतं. बँकेलाही माहीत नाही.

यंदा शेवळाचा गठ्ठा माझ्याकडे आला.
हट्टी जात. मे सरता सरता जमिनीतून नुसतं फूल उठतं,
सडक्या मांसासारखा वास मारतं, माश्या बोलावतं,
ते कुजलं की मग पान येतं, एकच.
दोघांची गाठ पडत नाही.
म्हणून अर्ध्या शीटांवर फूल, अर्ध्यांवर पान,
आणि ही एकाच घरची माणसं
हे आपण एकमेकांच्या भरवशावर म्हणायचं.

मालाडच्या बाजारात लाडकी तुंबडा बसते.
आरेतल्या पाड्यावरून पहाटे निघते,
गोणपाटावर जुड्या मांडते, शेजारी काकडांचे वाटे.
जुड्यांचे ढीग दोन.
मला तर सगळ्या सारख्याच दिसल्या, जांभळट, ओल्या.
दोन का गं?

“ही टेकाडावरली. एका काकडात गप होते.
ती नाल्याकडली. तिला तीन लागतात,
नायतर घसा धरते.
आणि हे खालचं पिवळं हाय ना, ते काढून फेक.”

जे ती फेकायला सांगत होती
नेमकं त्याच्यावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे.
नर फुलं, मादी फुलं, त्यांच्यामधलं अंतर मिलिमीटरमध्ये.
मी म्हटलं, मला ते पिवळंच हवंय.
तिने शेजारणीकडे पाहिलं.
आमच्या कागदांवर ह्या प्रजातीचं जे लॅटिन नाव आहे
त्याचा अर्थ मी तिला सांगितला नाही,
दोघी इतक्या हसल्या असत्या की धंदा बुडाला असता.

तीन आठवडे सूक्ष्मदर्शकाखाली बसले.
फरक आहे असं वाटतं.
वाटणं छापता येत नाही.
गठ्ठ्यातल्या शीटांना विचारावं तर
त्यांना किडीसाठी पूर्वी पारा फासलाय,
चवीने ओळखायची भाजी, आणि बोटही लावायचं नाही.

शनिवारी नाल्याकडली एक जुडी घरी नेली.
वाल, खोबरं, चिंच,
आणि दांड्यामागे काकडं दोनच टाकली,
मुद्दाम.
घरच्यांना पिठलं केलं.

रात्रभर घशात काटे.
सोमवारी आवाज बसलेला, कुणी विचारलं, सर्दी का?
मान हलवली, कोरी चिठ्ठी घेतली.
गोळा करणार: लाडकी तुंबडा.
ठिकाण: नाल्याकडली बाजू.
शेरा: तीन लागतात. दोन पुरत नाहीत, पडताळले.
ओळख पटवणार, त्यापुढे टिंबटिंब.
पेन जरा वेळ तिथेच धरून राहिले,
खाकरले,
आणि श काढला.