तळ आपला नाही

इशबेल फार्कर पहिल्याच मंगळवारी म्हणाली,
"तळ विसरा. तो आहे,
निळ्या फरशीचा आहे, दोन मीटर खाली आहे,
पण आपला नाही."
आम्ही अकरा मुली
ॲबर्डीनच्या त्या जुन्या तलावात
पायांनी ताक घुसळत राहिलो,
आणि कमरेच्या वर मात्र
चहाच्या टेबलाशी बसल्यासारख्या.

एकतीस वर्षं तिकीटखिडकीत काढलेली बाई.
गळ्यात शिट्टी, पायांत नवऱ्याचे गमबूट.
नियम सांगता सांगता गोष्टीत शिरायची
आणि गोष्टीतूनही आमच्या पायांवर डोळा.

"इथून मैलभरावर, डी नदीत,
माझ्या आजोबांच्या आजोबांच्या काळी
गडी उतरायचे लोकरी कपडे घालून.
शर्यती बघून बघून लोक कंटाळलेले,
म्हणून फुटबॉलच आणला पाण्यात.
चेंडू पोटाशी खुपसायचा, बुडी मारायची,
वर यायचं ते थेट गोलापाशी.
गोली काठावर उभा.
डोकं दिसलं की त्याच्यावर उडी."
"मग?"
"मग काय. वर येईल तो येईल."

ती हे कुठे वाचायची, किती रचायची,
कुणी विचारलं नाही.
विचारायला श्वास लागतो.

"आणि पोलो म्हणजे घोडा नव्हे, बावळटांनो.
पिंपांना घोड्यांची तोंडं लावून
वल्ह्यांनी खेळून पाहिलं म्हणे कुणीकुणी, हसू होऊन थांबले.
पुलू म्हणजे चेंडू, बाल्टी लोकांच्या भाषेत.
काराकोरमच्या डोंगरातला शब्द
घोड्यावर बसून निघाला
आणि घसरून आमच्या गार पाण्यात पडला."

नियम नंतर आले.
प्रत्येक नियमाखाली, ती म्हणायची,
नाकातोंडात पाणी गेलेला एक माणूस आहे.
म्हणून सातच जणी.
म्हणून चेंडू एका हातानं,
आणि पाण्याखाली दाबायचा नाही, लपवायचे दिवस गेले.
दोन्ही हात फक्त लाल टोपीला, गोलीला,
तिला तळही चालतो, पाय पुरला तर.
जिच्या हाती चेंडू नाही तिला धरायचं नाही.
धरलंस, तर वीस सेकंद कोपऱ्यात.

बाबा दोन आठवडे घरी, दोन आठवडे
उत्तर समुद्रात, तेलाच्या फलाटावर.
फलाटाचे पाय तळापर्यंत जातात, त्यांनी एकदा चित्र काढून दाखवलं होतं.
माझे जात नाहीत, मी फोनवर म्हटलं.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

डंडीच्या मुलींशी सामना.
त्यांची चार नंबर पहिल्या शिट्टीपासून
मला पाण्यात पाहत होती,
म्हणजे खरोखरच पाण्यात:
वर हसरा चेहरा, खाली माझ्या पोशाखाला घट्ट मूठ.
पंचाला वरचंच दिसतं.
मी धरलं तेव्हा मात्र वर धरलं.
शिट्टी.

आमच्या तलावाचा तो कोपरा उथळ आहे.
अंगठ्याला फरशी लागली,
शेवाळी, गार, माझ्या वजनाची वाट पाहणारी.
मी खेळात नव्हते. कुणी बोललं नसतं.
मी उभी राहिले.
सहा आकडे मोजले, दम परत आला,
आणि मान वर केली तर गॅलरीत बाबा,
हेलिकॉप्टरवरून थेट आलेले, मांडीवर बोजकं.

आठव्या सेकंदाला चार नंबरनं गोल मारला.
गोल झाला की शिक्षा संपते,
हे इशबेलनं कधी सांगितलं नव्हतं.
टेबलावरचा हात माझ्याकडे वळला: ये.
बाहेर पडताना भिंतीला रेटा द्यायचा नाही, तो नियम ठाऊक होता.
मी फरशीवरचे पाय उचलले.
गॅलरीत एकच माणूस टाळ्या वाजवत होता,
त्याला वाटलं,
गोल आमचा.